जशी आहे तशी

घरांतील एखादी जुनी वस्तु विकावयास काढली म्हणजे पहिली अडचण पडते ती गिऱ्हाइकाची नव्हे, शब्दांची. नवी वस्तु विकणारा तिची स्तुति करतो, आणि ऐकणारा ती अर्धीच खरी धरून पुढें चालतो. तेथें दोघांचाहि हिशेब आधींच ठरलेला असतो. जुनी वस्तु विकणाऱ्याचें तसें नाहीं. तिचे गुण सांगावेत, तर ते तिच्या तारुण्यांतले. आणि दोष सांगावेत, तर जिनें आपल्या घराची इतकीं वर्षें सेवा केली, तिच्याविषयीं चारचौघांत वाईट बोलल्यासारखें होतें. आमच्या बल्लारपूरच्या घरामागील गाडीखान्यांत साठांहून अधिक वर्षें उभी असलेली आजोबांची उघडी मोटार विकावयाची असें ठरलें, तेव्हां जाहिरातीच्या चार ओळी लिहिण्यास घरांतील शहाण्यासुरत्या सात माणसांना तीन संध्याकाळी लागल्या. शेवटीं त्या चार ओळींपैकीं एकच ओळ सर्वांच्या मतें निर्दोष ठरली: 'गाडी जशी आहे तशी विकणें आहे.'

ही मोटार म्हणजे १९३० सालची फोर्ड 'मॉडेल ए'. तिच्या या अंगास फीटन म्हणत. चार दारें, कांचेच्या खिडक्या मुळींच नाहींत, आणि वर पाडतां-चढवतां येणारा कापडी टप. पाऊस आला तर बाजूंना कापडी पडदे बटणांनीं अडकवावयाचे, आणि पडदे अडकवून होईपर्यंत पाऊस थांबावयाचा, असें आमचे वडील सांगत. विंटेज मोटार म्हटली कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें एखाद्या संस्थानिकाची रूपेरी रोल्स-रॉईस उभी राहील. म्हणून आधींच सांगितलेलें बरें कीं ही तसली नव्हे. १९०८ ते १९२७ या काळांत फोर्डनें आपल्या 'मॉडेल टी'च्या दीड कोट गाड्या विकल्या; तिच्या मागून आलेल्या 'मॉडेल ए'च्या चार वर्षांत सुमारें अठ्ठेचाळीस लाख निघाल्या. म्हणजे ही वकिलांची, डॉक्टरांची, कंत्राटदारांची आणि जरा बऱ्या शेतकऱ्यांची मोटार. आपल्याकडे फोर्डनें १९२६ सालीं हिंदुस्थानांत आपली कंपनी काढली आणि जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना घातला. परदेशांतून पेट्यांत सुटे भाग यावयाचे आणि मुंबईस त्यांची मोटार व्हावयाची. १९५४ च्या सुमारास दोन्ही कंपन्यांनीं येथील काम गुंडाळलें, आणि त्यांच्या गाड्या तेवढ्या गांवोगांवच्या गाडीखान्यांत मागें राहिल्या.

आजोबा चांद्याच्या न्यायालयांत वकिली करीत आणि राहत बल्लारपूरास. अंतर पंधरा-सोळा किलोमीटरांचें. आज तें कोणी अंतर म्हणून मोजतहि नाहीं. परंतु त्या वेळीं दमणीच्या बैलांनीं तें कापण्यांत अर्धी सकाळ जात असे. बल्लारपूर म्हणजे गोंड राजांची जुनी राजधानी. किल्ल्याच्या भिंतीखालून वर्धा नदी वाहते, आणि १९४८ पर्यंत या तीरावर मध्यप्रांत तर पैलतीरावर राजुऱ्याच्या बाजूस निजामाचें राज्य, अशी स्थिति होती. कोळशाच्या खाणी होत्या, सागवानाचा व्यापार होता. १९२९ सालीं काझीपेठ-बल्लारशाह हा लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली आणि मद्रास थेट जोडलीं गेलीं, तसें गांवाला नवें महत्त्व आलें. लांकडाच्या कंत्राटदारांचे तंटे वाढले, आणि वकिलांची मिळकतहि. अशा एका बऱ्या वर्षीं ही गाडी दारांत आली.

तिच्या यंत्राचें वर्णन थोडक्यांत केलें पाहिजे, कारण पुढील सगळी हकीकत त्यावर अवलंबून आहे. चार सिलिंडर, सुमारें तीन हजार तीनशे घनसेंटीमीटरांचें इंजिन, आणि शक्ति चाळीस घोड्यांची. पेट्रोलची टाकी पुढच्या कांचेच्या अगदीं खालीं, म्हणजे बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर. तेथून पेट्रोल आपल्या वजनानेंच खालीं कार्ब्युरेटरांत उतरतें. त्यासाठीं पंप नाहीं. ब्रेक चारहि चाकांना, पण सगळे सळयांनीं ओढले जाणारे. तेलाच्या दाबाचा त्यांत संबंध नाहीं. सुकाणूच्या खालीं डाव्या हाताला एक दांडी असते, तिनें ठिणगी लवकर पडावी कीं उशीरां तें ठरवावयाचें. उजवीकडील दांडीनें पेट्रोल कमीजास्त करावयाचें. पुढून हँडल फिरवून गाडी सुरू करण्याची वेळ आली, तर डावी दांडी आधीं वर ओढलेली पाहिजे. ती विसरली तर हँडल उलट फिरून मनगटावर बसतें. म्हणून आमच्याकडे लहान मुलांनासुद्धां शिकवीत कीं हँडल धरतांना आंगठा मुठीपलीकडे न नेतां बोटांच्याच बाजूस ठेवावा. मोटारीला कोणी हात लावीनासें झाल्यावरहि हा धडा घरांत चालू राहिला. आमच्या पिढीनें गाडी चालतांना पाहिली नाहीं, पण हँडल कसें धरावें तें आम्हां सर्वांस येतें.

महायुद्धांत पेट्रोल मापून मिळूं लागलें तेव्हां ती बरीच वर्षें विसावली. पुढें पुन्हां चालली. १९६३ सालीं आजोबा वारले आणि तेराव्यानंतर ती गाडीखान्यांत गेली ती गेलीच. प्रथम तिच्यावर चादर होती. मग चादरीवर गोणपाट आलें. मग पाटे, जुने पंखे, पाळणा, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या असें एकेक तिच्या मागच्या बैठकीवर मुक्कामास आलें. तिला कोणी विकली नाहीं याचें कारण प्रेम असें आज म्हणावेंसें वाटतें. परंतु खरें कारण जागा होती. जागा मुबलक होती तोंवर निर्णय घेण्याची गरज कोणास पडली नाहीं. आतां घराच्या वाटण्या होऊन मागील भाग पाडावयाचा ठरला, आणि जो निर्णय तीन पिढ्यांनीं पुढें ढकलला तो आमच्या दारांत येऊन उभा राहिला.

मार्ग तीन होते. पहिला भंगाराचा. भंगारवाला आला, गाडीभोवतीं एक फेरी घालून त्यानें तिचें वजन अजमासानें दहा क्विंटल सांगितलें, आणि तें बरोबर होतें. लोखंडाला लोखंडाचा भाव. त्यांत त्याची कांहीं चूक नव्हती; त्याच्या तराजूला वंशावळ कळत नाहीं. दुसरा मार्ग आपणच ती नीट करून घेण्याचा. चौकशी केली तेव्हां कळलें कीं या इंजिनाच्या बेअरिंगा आजच्यासारख्या तयार मिळत नाहींत. कथलाची मिश्रधातु वितळवून जागच्या जागीं ओतावी लागते आणि मग शाफ्टच्या मापानें कातावी लागते. तें करणारे कारागीर थोडे आणि तेहि वयस्क. याखेरीज टप, बैठकी, तारा, टायर. आमच्यांत ज्याला हौस होती त्याच्याकडे पैसा नव्हता, आणि ज्याच्याकडे पैसा होता त्याला गुडघेदुखी होती. राहिला तिसरा मार्ग: ज्याला असलें काम करावयाची इच्छा आणि अक्कल दोन्ही आहेत, त्याला ती न दुरुस्त करतां विकण्याचा.

येथें घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें पडलें कीं निदान धुऊन, एक हात रंग मारून गाडी उभी करावी. मुलगी दाखवावयाची तर पदर तरी नीट करावा कीं नाहीं? आम्हीं त्यास नकार दिला, आणि त्याचें कारण केवळ आळस हें नव्हतें. न सुधारलेल्या गाडीची किंमत तिच्या न सुधारलेपणांतच असते. आज जो फिकट रंग तिच्या दारांवर आहे, तो कारखान्यांतला आहे. जो बोल्ट गंजला आहे, तो मूळचा बोल्ट आहे. गाडी पुन्हां नवी कितीहि वेळां करतां येते. पण मूळची अशी ती एकदांच असते, आणि तें मूळपण एकदां घांसून टाकलें कीं कोणत्याहि पैशानें परत येत नाहीं. जुन्या मोटारींच्या जागतिक संघटनेनें, फीवानें, २०१३ च्या आपल्या ट्युरिन येथील सनदेंत हाच विचार मांडला आहे: आधीं जतन, अगदीं गरज पडेल तेथेंच दुरुस्ती. आपल्या सरकारचे १५ जुलै २०२१ चे नियमहि त्याच दिशेचे आहेत. पन्नास वर्षांहून जुनी आणि सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच त्यांनीं विंटेज मानली. तिच्या नोंदणीस वीस हजार रुपये, नोंद दहा वर्षांची, पुढें नूतनीकरणास पांच हजार. नव्यानें नोंद झाली तर क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें. प्रदर्शनास, मिरवणुकीस, दुरुस्तीस ती रस्त्यावर आणतां येते. रोजच्या वापरास किंवा भाड्यानें फिरवण्यास नाहीं. तेव्हां वरून रंग मारून आम्हीं गाडी सजवली असती असें नव्हे. तिच्या अंगावरचा पुरावाच पुसला असता.

बल्लारपूरच्या माणसाला ही गोष्ट खरें तर फार समजावून सांगावी लागूं नये. वनखात्याच्या सागवानाचा येथला डेपो सर्व देशांत प्रसिद्ध आहे. मार्च २०२३ मध्यें अयोध्येच्या राममंदिरासाठीं याच जिल्ह्यांतून सागवान गेलें, तेव्हां गांवांत मिरवणूक निघाली होती. त्या डेपोंत लिलावाच्या लांकडाला कोणी रंग लावीत नाहीं. ओंडका उघडा पडलेला असतो; त्याची लांबी, गोलाई लिहिलेली असते; घेणारा त्याच्या टोकाची फट पाहतो, काठीनें ठोकून आवाज ऐकतो, आंत पोकळ आहे कीं भरीव तें आपलें आपण ठरवतो. 'जसें आहे तसें, जेथें आहे तेथें' ही तेथील विक्रीची अटच. बैलबाजारांतहि हेड्याचे आंकडे रुमालाखालीं बोटांनीं चालतात, पण बैलाची खोड मात्र उघड सांगितली जाते. न सांगतां विकलेला मारका बैल दुसऱ्या बाजारीं परत येतो आणि विकणाऱ्याचें नांव जातें. माणसांच्या बाबतींत आपण इतके सरळ नसतों. स्थळें पाहतांना वय दोन वर्षांनीं कमी सांगणारीं आणि दम्याला 'थोडी सर्दी' म्हणणारीं घरें वाचकांच्या परिचयाचीं असतील. त्याचीं फळें कोणाला आणि किती वर्षें भोगावीं लागतात तेंहि सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून आम्हीं गुणांच्या आधीं दोषांची यादी केली, आणि ती दाराच्या आंतल्या बाजूस चिकटवून ठेवली. इंजिन जाम, आम्हीं तें फिरवून पाहिलेलें नाहीं, कारण जोर केला तर आंतलें मोडावयाचें. डायनामो नाहीं, तो कोणीं काढला आणि कोठें गेला याचा घरांत पत्ता लागत नाहीं. कार्ब्युरेटर मूळचा नव्हे. तळाच्या फळ्या वाळवीनें खाल्लेल्या. टपाचें कापड गेलेलें. त्याच्या लांकडी कमानींपैकीं दोन येथल्याच सुतारानें सागवानाच्या केलेल्या, म्हणजे सुंदर, परंतु फोर्डच्या नव्हेत. मागचें उजवें मडगार्ड एकदां ठोकून सरळ केलेलें. मग गुणांची यादी: सांगाडा सरळ. इंजिनावरील क्रमांक आणि सांगाड्याच्या पट्टीवरील क्रमांक एकच, व त्याआधीं 'सीए' हीं अक्षरें, म्हणजे गाडी कॅनडांत घडलेली. रेडिएटरची चौकट न गंजणाऱ्या पोलादाची. त्या सालापासून फोर्डनें ती तशी करावयास घेतली होती, आणि ओल्या फडक्यानें पुसतांच तिनें नव्वद वर्षांपूर्वीच्या तोंडानें आमच्याकडे पाहिलें. नोंदणीचें पुस्तक आजोबांच्या नांवाचें, देवघराच्या पेटींत सांपडलेलें. सर्व वारसांच्या सह्या देण्यास तयार. बाकी परिवहन कार्यालयांत काय करावें लागेल, तें घेणाऱ्यानें आपल्या जिल्ह्यांत आधीं विचारून घ्यावें.

जाहिरात गेल्यावर बरेच लोक आले. त्यांतील बहुतेकांस गाडी नको होती. छायाचित्र हवें होतें. खरीं गिऱ्हाइकें दोनच. पहिले गृहस्थ मोठ्या शहरांतले, लग्नांच्या वरातींना गाड्या भाड्यानें देणारे. त्यांनीं दहा मिनिटांत गाडी पाहिली आणि नऊ लाख रुपये सांगितले. ते जुनें इंजिन काढून एका जीपचें बसवणार होते, रंग पांढरा देणार होते, आणि टप कायमचा पाडून टाकणार होते. तसें केल्यास नियमाप्रमाणें ती विंटेज राहणार नाहीं, आणि तशी नोंदली तरी भाड्यानें फिरवतां येणार नाहीं, असें आम्हीं त्यांना सांगितलें. ते शांतपणें म्हणाले, "ती काळजी माझी. पण एक विचारूं? तुम्ही ती साठ वर्षें अंधारांत उभी ठेवलीत; मी तिला उजेडांत फिरवीन. तिच्यावर अन्याय कोणाचा?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतें, हें येथें नमूद करतों.

दुसरे दोघे नागपुराहून आले, बाप आणि मुलगा. वडील रेल्वेच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर. मुलाचा स्वतःचा लहानसा लेथचा कारखाना. त्यांनीं प्रथम आमची दोषांची यादी वाचली, मग सतरंजी मागून घेतली, आणि मुलगा गाडीखालीं शिरला तो तासाभरानें बाहेर आला. दारांवर त्यानें दोरींत बांधलेलें लोहचुंबक फिरवलें. पत्र्याऐवजीं कोठें लांबी भरलेली असेल तर तें तेथें चिकटत नाहीं. तेवढ्यांत वडिलांनीं इंजिनाला हात न लावतां नुसतें वाकून पाहिलें आणि आपल्याशींच म्हणाले, "बेअरिंगा मी ओतीन. अजून डोळे आहेत." मुलगा म्हणाला, "काका, यादींत एक दोष राहिला. पुढच्या स्प्रिंगचें एक पान तुटलें आहे." त्यांनीं सहा लाख सांगितले, आणि त्याहून जास्त जमणार नाहीं हेंहि सांगितलें. काम किती वर्षें चालेल असें विचारलें तेव्हां बापलेकांनीं एकमेकांकडे पाहिलें, आणि घाई नसल्याचें सांगितलें.

आमच्यापैकीं बहुतेकांचें मन त्याच क्षणीं ठरलें. घरांत एक प्रकारचा उदात्तपणा पसरला. आजोबांची गाडी वरातीसाठीं पांढरी व्हावी, हें कोणाला बघवेना. तीन लाखांचें काय मोठें, असें एकानें म्हटलें, आणि दुसऱ्यानें मान डोलावली. वाटणी चौघांची होती, आणि हें बोलणाऱ्या तिन्ही शाखांतील मंडळी नोकरीधंद्यांत सुस्थित होतीं. चौथा वाटा धाकट्या काकूंचा. त्या गडचिरोलीस मुलाकडे राहतात; मुलाचें दुकान बेताचें, नातवाच्या शिक्षणाचें कर्ज डोक्यावर. त्या दोन दिवसांसाठीं आल्या होत्या आणि माजघरांत बसून हें सर्व ऐकत होत्या. त्यांना कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. शेवटीं आम्हींच विचारलें, "काकू, तुम्हांला काय वाटतें?"

काकू म्हणाल्या, "मला काय वाटायचें? मी या घरांत आलें एकसष्ट सालीं. गाडी त्यानंतर दोन वर्षें चालत होती. त्या दोन वर्षांत मी तींत एकदांच बसलें, चैत्रांत महाकालीच्या यात्रेला चांद्याला गेलों तेव्हां. तेंहि मागें, पोरांच्या दाटींत, टप चढवून. पुढें बसायचे मामंजी आणि त्यांचे कोर्टाचे कागद. तुम्ही सगळे त्या गाडीच्या आठवणी सांगतां. मला आठवतें तें उकडत होतें एवढेंच. तिला पांढरा रंग द्या नाहीं तर हिरवा. पण नऊचे सहा झाले तर माझे पाऊण लाख जातात, तें तुमच्या लक्षांत आहे ना?"

कोणी कांहीं बोललें नाहीं. आजोबांचें नांव, गाडीचें मूळपण, कारागिराची पारख हें सगळें खरें होतें. परंतु त्याची किंमत ज्यांना ती जाणवणार नाहीं अशा तिघांनीं ठरवावयाची आणि जिला ती जाणवेल तिनेंहि ती बरोबरीनें भरावयाची, हा कुठला न्याय? एकत्र कुटुंबांत हें नेहमीं घडतें. घराण्याची प्रतिष्ठा राखली जाते, आणि तिचा खर्च कोणातरी न बोलणाऱ्या माणसाच्या ताटांतून वजा होतो. मागच्या पिढ्यांत ती न बोलणारी व्यक्ति बहुधा घरांतील विधवा असे. काकू बोलल्या, हें आमचें भाग्य.

हिशेब मग सोपा होता. वरातवाल्यांच्या नऊ लाखांत काकूंचा चौथा हिस्सा सव्वादोन लाख झाला असता. तो त्यांना पुरा द्यावयाचा. नागपूरकरांच्या सहा लाखांतून ते वजा जातां उरले पावणेचार लाख. ते तिघांनीं सारखे वांटून घ्यावयाचे, म्हणजे प्रत्येकीं सव्वा लाख. ज्यांना गाडी मूळची राहावी असें वाटत होतें, त्यांनीं प्रत्येकीं एक लाख रुपये त्या वाटण्यासाठीं मोजले. हा आंकडा कागदावर मांडल्यावर एका शाखेचा उदात्तपणा थोडा डळमळला, आणि 'वरातवाल्यांना पुन्हां एकदां फोन करावा काय' असा विचार निघाला. एक रात्र त्यांत गेली. सकाळीं त्यांनींच येऊन सही केली. काकूंना सांगितलें तेव्हां त्या संकोचल्या नाहींत कीं फार आभारहि मानले नाहींत. "बरें केलेंत," इतकेंच म्हणाल्या, आणि नातवाच्या बँकेच्या खात्याचा क्रमांक लिहिलेला कागद बटव्यांतून काढून दिला.

वरातवाल्यांना नकार कळवला. ते रागावले नाहींत. आणि त्यांच्या त्या प्रश्नाविषयीं आम्हीं मागाहून पुष्कळ विचार केला. वस्तु वापरावी कीं जपावी, याला एकच उत्तर नसावें. दिल्लीस १९६४ पासून स्टेट्समन वृत्तपत्राच्या नांवानें जुन्या मोटारींची शर्यत-मिरवणूक होत आली. तींत येणाऱ्या गाड्या कांचेच्या कपाटांतल्या नसून स्वतःच्या चाकांवर धांवणाऱ्या असाव्या लागतात. म्हणजे जपणाऱ्यांचेंहि अंतिम ध्येय चालवणें हेंच आहे. फरक इतकाच कीं एक जण तिला आपल्या कामाजोगती करून घेतो, आणि दुसरा तिच्या जोगता होऊं पाहतो. ठिणगीची दांडी कधीं खालीं घ्यावी, दांत्यांचा कर्कश आवाज न होऊं देतां गिअर कसा टाकावा, ब्रेक लावण्यापूर्वीं किती आधीं विचार करावा, हें त्या दुसऱ्या माणसाला शिकावें लागतें. एक न चालणारी गाडी सहा लाख देऊन कोणी कां घेतो, असें शेजारी विचारीत होते. त्यानें गाडी घेतली नाहीं; बापाच्या हातांतली विद्या त्याचे डोळे आहेत तोंवर शिकून घेण्यासाठीं त्यानें काम विकत घेतलें. तसलें काम आतां बाजारांत सहजासहजी मिळत नाहीं.

गाडी मालमोटारीवर चढवण्यास अर्धा दिवस लागला. चाकें फिरत नव्हतीं, म्हणून तिच्याखालीं फळ्या आणि रूळ घातले. मुलानें प्रत्येक सुटा खिळा, तुटलेली काच, मागच्या बैठकीखालीं सांपडलेलें एक गंजकें पानासुद्धां पिशव्यांत घालून, वर चिठ्ठ्या लावून बरोबर घेतलें. हँडल मात्र सांपडेना. शेवटीं लक्षांत आलें कीं गाडीखान्याच्या दाराला आंतून जो अडसर म्हणून आम्ही इतकीं वर्षें लावीत आलों, तेंच तें. वडिलांनीं तें हातांत घेतलें. आंगठा त्यांनीं बोटांच्याच बाजूस ठेवला होता.

ज्या वाचकांच्या वाड्यांत, शेतघरांत किंवा एखाद्या गिरणीच्या कोपऱ्यांत अशी गाडी उभी असेल, त्यांच्यासाठीं चार व्यावहारिक गोष्टी सांगून हें पुरें करतों. ती धुऊं नका आणि रंगवूं नका. इंजिन जाम असेल तर बळानें फिरवूं नका. स्पार्क प्लगच्या छिद्रांतून पातळ तेल सोडून आठवडे न् आठवडे वाट पाहावी लागते, आणि तें काम घेणाऱ्यास करूं द्यावें. सुटा भाग कितीहि क्षुद्र दिसला तरी टाकूं नका. कागदपत्र आधीं शोधा, गिऱ्हाईक मागाहून. वारसांच्या सह्या, नोंदणीचें पुस्तक आणि दोन्ही क्रमांक जुळल्याखेरीज भाव बोलूं नका. दोषांची यादी स्वतःच्या हातानें लिहा आणि तिच्यावर सही करा. आणि भाव ठरवण्यापूर्वीं घरांतील प्रत्येक वाटेकऱ्याला विचारा. विशेषतः जो माजघरांत बसून नुसता ऐकत असेल, त्याला आधीं.

नागपुराहून महिन्या-दोन महिन्यांनीं फोन येतो. सातव्या आठवड्यांत इंजिन सुटलें. डायनामो मिळाला आहे, पण टपाच्या सागवानी कमानी बदलाव्यात कीं तशाच ठेवाव्यात, यावर बापलेकांत मतभेद आहे. वडील म्हणतात, त्याहि आतां गाडीच्याच झाल्या. काकूंना हें कळवलें तेव्हां त्यांनीं विचारलें, "चालायला लागली म्हणजे इकडे आणणार आहेत का?" आणणार असल्यास पुढें बसवून न्या, असें त्यांनीं सांगून ठेवलें आहे, आणि टप पाडलेला हवा, हेंहि.